घरी फोन करायची भीती, हाच पार्टीतला मोठा धोका

कॉलेजं सुरू झाली आणि आषाढ लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या पालकांकडून दरवर्षी तेच प्रश्न येतात. बिअरला दारू म्हणायचं का? मुलगा महिन्यातून एकदा घेतो, म्हणजे तो व्यसनी झाला का? पोलिसांनी धरलं तर पुढे नोकरीला आडवं येईल का? व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं का? मुलामुलींचा प्रश्न मात्र वेगळा असतो आणि तो दबक्या आवाजात येतो: मित्र उलट्या करून झोपलाय, हाका मारल्या तरी उठत नाही, सकाळपर्यंत वाट बघितली तर चालेल ना?

चालणार नाही. हा लेख मुख्यतः त्या प्रश्नासाठीच आहे.

व्यसन जडायला सहसा वर्षं लागतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलाचा जीव मात्र एका संध्याकाळीही जाऊ शकतो: कुंडात, बाइकवर, लोकलच्या दरवाज्यात, किंवा भाड्याच्या वनरूममध्ये ‘झोपू दे त्याला, उतरेल’ म्हणून सोडून दिल्यावर. अशा वेळी सोबतच्यांना बहुतेकदा कळलेलं असतं की काहीतरी बिघडलंय. फोन होत नाही तो घरच्यांच्या आणि पोलिसांच्या धाकाने. म्हणून खालची बरीचशी माहिती हा धाक कमी करण्यासाठी आहे.

आधी मोजमाप

‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याने पालक आणि मुलं दोघंही फसतात. बाटलीवर टक्के छापलेले असतात, ते वाचा. मिलिलिटरला टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा आणि ०.८ ने गुणा. जो आकडा येईल तितके ग्रॅम शुद्ध अल्कोहोल त्या बाटलीत आहे.

- ३० मिलीचा एक पेग (४२.८ टक्के व्हिस्की किंवा रम): सुमारे १० ग्रॅम
- ६५० मिलीची ‘स्ट्राँग’ बिअर (८ टक्के): सुमारे ४२ ग्रॅम
- १८० मिलीची क्वार्टर: सुमारे ६२ ग्रॅम

म्हणजे स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली चार पेगांच्या बरोबरीची आहे. ‘दोन बिअर मारल्या’ म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त पोटात गेली. साठेक किलोच्या मुलाने उपाशीपोटी एक स्ट्राँग बाटली पटकन संपवली, तर रक्तातलं प्रमाण वाहन चालवण्याच्या कायदेशीर मर्यादेच्या जवळपास तिप्पट होऊ शकतं आणि मर्यादेखाली यायला पाचेक तास लागतात. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच मापाला त्यांना जास्त चढते. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेळ कमी होत नाही.

सगळ्यात वाईट माप म्हणजे दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून आणलेलं. झाकण उघडलेली ती बाटली सॅकच्या बाजूच्या खिशात घालून कर्जत लोकलने वांगणी-नेरळकडे निघालेले घोळके पावसाळ्यात हमखास दिसतात. आत किती क्वार्टर ओतल्या, हे ओतणारा सोडून कुणालाच माहीत नसतं आणि गोडीमुळे ते सरबतासारखं घटाघट जातं. आपण ओतलेली नसेल अशी बाटली तोंडाला लावू नका. हातभट्टीची तर अजिबातच नको. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. त्यातलं मिथेनॉल चवीवरून वा वासावरून ओळखता येत नाही.

वयाबद्दल कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची २१ आणि व्हिस्की, रम, व्होडका यांसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. शिवाय पिण्याचा परवानाही लागतो. थोडक्यात, पदवीच्या वर्गात बसणाऱ्या जवळपास कुणालाही क्वार्टर कायद्याने घेता येत नाही. बहुतेक घरांत हे ठाऊक नसतं. ‘अठरा झाले की चालतं’ असाच समज असतो.

अठराच्या आतल्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलाला दारू देणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम दुकानदाराला लागतं तसंच ‘मोठा झालास, आज माझ्यासमोर घे’ म्हणणाऱ्या काकांनाही लागू शकतं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या प्रकरणात मुलाला मद्य देणाऱ्या ठिकाणांच्या मालक-व्यवस्थापकांना आणि मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती.

बेत ठरताना

न पिणं हाच या वयात सर्वांत सुरक्षित, आणि एकविशीच्या आत एकमेव कायदेशीर पर्याय आहे, हे स्पष्ट सांगतो. तरीही ग्रुपसोबत जाणार असाल, तर निघण्याआधी या गोष्टी ठरवा:

- पाणी आणि दारू एकत्र नको. कोंडेश्वरचा कुंड, बारवीचा परिसर, उल्हास नदीचे डोह, भिवपुरीचा धबधबा इथे शुद्धीतले, पट्टीचे पोहणारेही फसतात. दारूने थंडीची जाणीव कमी होते, पाय घसरतो, खोलीचा अंदाज चुकतो. पावसाळ्यात ठाणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी अशा ठिकाणी मनाई आदेश काढतात. तो आदेश मोडला तर गुन्हा दाखल होतो.
- एक जण पूर्ण कोरडा. ‘मी कमीच घेतली’ म्हणणारा यात मोजायचा नाही. फोन, पैसे आणि किल्ल्या त्याच्याकडे द्या. दर वेळी एकाच्याच गळ्यात हे काम घालू नका.
- परतीचं आधी ठरवा. परतीची शेवटची लोकल चुकली तर काय, याचं उत्तर निघण्याआधी हवं. काटई-बदलापूर रस्त्यावर रात्री ट्रिपल सीट येणं, हे उत्तर होत नाही.
- फार्महाऊसचा पूर्ण पत्ता घरातल्या एकाला तरी, निदान मोठ्या बहिणीला, पाठवून ठेवा. मळ्याच्या वाटेवर रात्री ॲम्ब्युलन्सवाल्याला ‘आंब्याच्या झाडानंतर डावीकडे’ सांगून भागत नाही.
- पैजा नकोत. एका दमात क्वार्टर, कोण जास्त रिचवतो, बर्थडे बॉयला नीट पाजणं: रुग्णालय गाठायला लावणारं पिणं बहुतेकदा असंच असतं.

गटारी, ३१ डिसेंबर, होळी आणि परीक्षेचा शेवटचा पेपर. या चार दिवशी घरच्यांनी ‘कुठे चाललास’ एवढंच विचारून थांबू नये. ‘परत कसा येणार’ हेही विचारावं.

‘नाही’ म्हणण्यासाठी भाषण लागत नाही. ‘गोळ्या चालू आहेत’, ‘उद्या जर्नल सबमिशन आहे’, ‘आज गाडी माझ्याकडे आहे’ यांपैकी कोणतंही कारण पुरतं. हातात स्वतःच्या थम्सअपचा ग्लास असला की आग्रह निम्म्याने कमी होतो.

मित्र उठत नसेल तर

पुढच्यापैकी एक जरी खूण दिसली तरी उतरण्याची वाट बघू नका:

- हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढूनही जागा होत नाही
- मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड
- अंग गार, घामट, ओठ किंवा नखं निळसर
- अर्धवट शुद्धीत उलट्या
- झटके येणं
- पडून डोक्याला मार लागलेला, मग तो नंतर नीट बोलत असला तरीही

शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू रक्तात जात राहते. त्यामुळे अकराला ठीक वाटणारा बारा वाजता बेशुद्ध होऊ शकतो.

काय करायचं:

१. १०८ वर फोन करा. ॲम्ब्युलन्स मोफत आहे. ती लांब असेल तर रिक्षा करा, पण बाइकवर मध्ये बसवून नेऊ नका.

२. त्याला डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून पुढे टेका, वरचा हात गालाखाली घ्या, तोंड किंचित जमिनीकडे. उताणा झोपलेल्याच्या घशात उलटी अडकते आणि अशा मृत्यूंचं ते एक नेहमीचं कारण आहे.

३. एकाने सतत जवळ बसावं आणि श्वास मोजत राहावं. अंगावर चादर टाका.

४. काय घेतलं, किती, किती वाजता, सोबत कुठली गोळी घेतली का, हे डॉक्टरांना खरं सांगा. बाटली शिल्लक असेल तर सोबत न्या.

काय टाळायचं: घशात बोटं घालून उलटी काढणं, मिठाचं पाणी, शॉवरखाली धरणं, चालवत फिरवणं, तोंडात काही भरवणं, बेशुद्ध माणसाला एकट्याला खोलीत ठेवून दार लोटणं.

जवळची सरकारी ठिकाणं लक्षात ठेवा: उल्हासनगरला कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे आणि ते खासगी रुग्णालयांनाही लागू आहे. ‘आधी पोलिसांकडून या’ असं कुणी म्हणालं तर हे ठामपणे सांगा. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं. तो त्यांच्या कामाचा भाग आहे. मित्राला आणून सोडलं एवढ्यावरून कुणी गुन्हेगार होत नाही. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ संरक्षण देतं. त्याच्यावर स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

घरी कोण फोन करणार, हा ग्रुपमधला नेहमीचा वाद. कोरडा राहिलेल्याने करावा आणि दोनच वाक्यं बोलावीत: ‘काकू, मी अमुक. याची तब्येत बिघडली आहे, आम्ही छाया रुग्णालयात नेतोय, तुम्ही या.’ का आणि कसं ते नंतर.

गाडी आणि लोकल

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्कूटी चालवणाऱ्यालाही हेच. चालक अठराच्या आत असेल तर कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालक जबाबदार ठरतात: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी एक वर्षासाठी रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

लोकलमध्ये किंवा फलाटावर नशेत आढळल्यास रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १४५ आहे. पण इथे कायद्यापेक्षा दरवाजा जास्त धोक्याचा. दारू चढलेल्याला आत, सीटवर बसवा. रेल्वेची मदत १३९ वर मिळते.

जबरदस्ती झाली तर

फ्रेशर्स पार्टीत किंवा हॉस्टेलवर सीनियरनी पाजणं ‘मजा’ म्हणून खपवलं जातं. ज्युनियरला त्याच्या मनाविरुद्ध असं काही करायला लावून घाबरवणं, लाजवणं किंवा इजा होईल असं वागणं महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात बसतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. प्राचार्यांनी तक्रारीची सात दिवसांत चौकशी करायची असते. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. कॉलेजने दाद दिली नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

मुलींनी, आणि मुलींच्या आईवडिलांनी, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नशेमुळे जिला काय चाललंय ते समजत नव्हतं, तिची संमती कायदा संमती मानत नाही. ती स्वतःहून प्यायली होती म्हणून तिचा तक्रारीचा हक्क कमी होत नाही. अशा घटनेनंतर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार करावे लागतात. ‘तू गेलीसच कशाला’ हा प्रश्न त्या रात्री तरी विचारू नका.

पोलिसांनी धरलं तर

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचा हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ चारमध्ये येतो. हुज्जत, पळापळ, ‘माझे काका अमुक पक्षात आहेत’ यांनी साधं प्रकरण मोठं होतं. श्वासाची चाचणी नाकारू नका. नाव, पत्ता, वय खरं सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

- अटक झाली तर कारण जाणून घेण्याचा, घरी कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्क आहे.
- अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. पालकांना कळवावंच लागतं.
- मुलीला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.
- वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत १५१०० वर मागा.

दंड भरायला लागला तर रीतसर पावती घ्या. ‘इथेच मिटवू’ हा रस्ता पुढे महाग पडतो.

घरात काय बोलायचं

रात्री तो झोकांड्या खात आला, तेव्हा बोलणं व्यर्थ आहे. पाणी द्या, कुशीवर झोपवा, अधूनमधून श्वास बघा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आजी-आजोबा आणि शेजारी नसताना. ‘तोंड काळं केलंस’ याऐवजी ‘काल किती घेतलीस आणि घरी कसा आलास?’ इथून सुरुवात केलीत तर उत्तर मिळण्याची शक्यता आहे.

एक करार मात्र प्रत्येक घरात व्हायला हवा, आणि तो पार्टीच्या आधी: ‘कितीही वाजले, कुठेही असलास, कितीही प्यायला असलास तरी फोन कर. मी किंवा बाबा येऊ. त्या रात्री एक शब्द बोलणार नाही.’ पालकांना हे शरणागतीसारखं वाटतं. ते तसं नाही. दुसऱ्या दिवशी पैसे बंद करा, बाइकची किल्ली काढून घ्या, तो तुमचा अधिकार आहे. पण त्या रात्रीचा शब्द मोडलात तर पुढचा फोन येणार नाही.

वडील रोज संध्याकाळी घरात बसत असतील, तर आधी तो विषय. मुलं ऐकतात कमी, बघतात जास्त.

अधूनमधून घेणं की व्यसन?

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, थांबवता न येणं, रात्रीचं न आठवणं, कुणाला इजा होणं, असे तिचे प्रश्न. चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण आले तर पिणं धोक्याच्या पट्ट्यात आहे आणि समुपदेशकाशी बोलायला हवं. वीस किंवा अधिक आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

चाचणीशिवायही काही खुणा दिसतात: सकाळच्या लेक्चरना दांड्या, घरातून पैसे जाणं, न पिणारे मित्र सुटत जाणं, एकट्याने पिणं, टेन्शन आलं की तेच आठवणं. रोज पिणाऱ्याचे सकाळी हात थरथरत असतील तर ‘आजपासून बंद’ अशी शपथ घ्यायला लावू नका. अशा शरीराची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

आणखी एक. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा पुड्यांच्या जाहिराती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात. नकळत दिलेलं औषध आणि वर दारू, हे मिश्रण जिवावर बेतू शकतं. पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

मदत कुठे

- १४४४६: केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन
- १४४१६: टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी, मराठीतही
- ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था. दोन्ही लोकलच्या अंतरावर
- पुण्याचं मुक्तांगण, १९८६ पासून
- अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे गट मोफत असतात. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन

बहुतेक विद्यार्थ्यांना भरती व्हायची गरजच नसते. चार-सहा भेटींचं समुपदेशन आणि घरचा आधार पुरतो. भरती करायचीच झाली तर पैसे भरण्याआधी हे विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना भेटता येतं का? उत्तर टाळलं किंवा ‘आमची गाडी रात्री येऊन उचलून नेते’ असं सांगितलं तर तिथून निघा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये दारूशी निगडित आजार येतात. त्यामुळे उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे. कॉलेजला वा मालकाला परस्पर कळवता येत नाही. साखळीने बांधणं बेकायदा आहे. सज्ञान मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं तर तज्ज्ञांनी तपासून कायद्यातल्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, नुसती आईवडिलांची सही पुरत नाही. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यावी, असं हा कायदा सांगतो.

दुकानाबद्दल तक्रार

वय न विचारता विकणाऱ्या वाइन शॉपची वा बारची तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करा. तारीख, वेळ, बिल असेल तर त्याचा फोटो जोडा. अल्पवयीन मुलाला तिथे पाठवून ‘सापळा’ लावू नका. तातडीचं असेल तर ११२. सोसायटीतल्या महिलांनी एकत्र यायचं ठरवलं तर प्रभागातलं दुकान मतदानाने बंद करण्याची, म्हणजे ‘आडवी बाटली’ची तरतूद आहे. २५ टक्के मतदारांनी किंवा २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. बंदीच्या बाजूने पुरेशी मतं पडावी लागतात. म्हणून मागणीअर्जाच्या सह्या गोळा करतानाच, मतदानाच्या दिवशी कोण कुणाला घराबाहेर काढणार, त्याची इमारतवार यादी करून ठेवा.